मेलेल्या जंतूंनी ताप कसा आणला?

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ पसरली. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी तिच्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. लशीतील जंतू उष्णता देऊन मारलेले होते. तरीही हाफकिन यांना ताप चढला! परळची हाफकिन संस्था आज त्यांचेच नाव चालवते.

मेलेले जंतू ताप कसा आणतील? प्लेग, विषमज्वर अशा रोगांच्या जंतूंच्या बाह्य आवरणात मेद व शर्करा यांचा एक जोडरेणू असतो. त्याला ‘अंतर्विष’ म्हणतात. जंतू मेला तरी हे विष शिल्लक राहते. साध्या उकळण्यानेही ते नष्ट होत नाही.

गंमत अशी, की ताप हे विष स्वतः आणत नाही. आणते आपलेच शरीर. रक्तातील व ऊतींमधील भक्षक पेशींच्या पृष्ठभागावर ‘टीएलआर-४’ नावाचे प्रथिन असते. हा जणू वेशीवरचा पहारेकरी. अंतर्विष दिसताच तो पेशीला इशारा देतो. मग पेशी दुसरी प्रथिने रक्तात सोडते. त्यांचा निरोप मेंदूला पोहोचला, की शरीराचे तापमान वाढते. हीच प्रथिने अतोनात सुटली, तर रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब कोसळतो आणि रोगी दगावूही शकतो.

मग हा पहारेकरी नसलेलाच बरा, असे तुम्ही म्हणाल. उंदरांच्या एका जातीवर अंतर्विषाचा परिणाम जवळजवळ होतच नसे. तिच्यात हेच प्रथिन बिघडलेले आहे, असे ब्रूस बॉयटलर यांनी १९९८ मध्ये दाखवले. २०११ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. पण विष पचवणारे हे उंदीर साल्मोनेला जातीच्या मूठभर जिवंत जंतूंपुढे मात्र टिकत नसत. इशाराच नाही, तर फौज निघणार कशी?

प्लेगचा जंतू नेमका याच गोष्टीचा फायदा घेतो. पिसवेच्या थंड शरीरातून तो माणसाच्या ३७ अंश सेल्सिअसच्या ऊबेत आला, की अंतर्विषाची घडण बदलतो. पहारेकऱ्याला तो ओळखूच येत नाही! शास्त्रज्ञांनी या जंतूला वेषांतर करता येणार नाही असा बदल त्याच्यात घडवला, तेव्हा उंदरांच्या शरीराने त्याचा सहज फडशा पाडला.

तेव्हा लस टोचल्यावर अंग कसकसले, तर घाबरू नका. तुमचे पहारेकरी जागे आहेत, एवढाच बहुधा त्याचा अर्थ.