‘वय झालंय तिचं’ म्हणण्याआधी: म्हाताऱ्या कुत्र्याची घरातली काळजी

आज बोलायचंय म्हाताऱ्या कुत्र्यांबद्दल. पिल्लू घरी आणलं की सगळे फोटो काढतात. पण रस्त्यावरून उचलून आणलेला कुत्रा म्हातारा झाला, किंवा म्हातारा असतानाच घरी आला, तर त्याचं काय करायचं हे फारसं कोणी सांगत नाही.

आमच्या घरातली गोष्ट सांगतो. २२ जुलै २०२१. महाडमध्ये सावित्री आणि गांधारीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. त्याच दिवशी तळियेत दरड कोसळली, पोलादपूरकडच्या वाड्यांवरही कोसळल्या. माणसांचेच एवढे हाल होते की जनावरांकडे कोण बघणार? पाणी उतरल्यावर आमच्या जिन्यात एक तांबूस गावठी कुत्री बसलेली दिसली, पोटापर्यंत चिखल. आईने भाकरी दिली, आणि ती तिथून गेलीच नाही. सावित्रीवरून नाव पडलं सावी. दात बघून डॉक्टर म्हणाले, सहा-सात वर्षांची असेल.

गेल्या पावसाळ्यात सावी जिना चढेनाशी झाली. रात्री उठून घरभर फिरायची. कमरेला हात लावला की गुरगुरायची. घरात सगळ्यांचं एकच, ‘वय झालंय तिचं.’ मीही तेच म्हणत होतो. तीन आठवडे! शेवटी आजी म्हणाली, “अरे, माझे गुडघे दुखतात तेव्हा मीपण अशीच वागते. तिचं काहीतरी दुखतंय.” तपासल्यावर मागच्या पायांत संधिवात निघाला, आणि रक्तात गोचीड ताप. दोन्हींवर उपचार होते. ते तीन आठवडे तिने उगाच सोसले, आणि ते माझ्यामुळे.

म्हणून आजच्या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवा. म्हातारपण हा आजार नाही. कुत्रा बदलला की कारण शोधायचं, ‘वय’ हे उत्तर सगळ्यात शेवटी.

म्हातारा म्हणजे किती वर्षांचा?

‘कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात’ हा हिशोब विसरा. २०२० साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी लॅब्रॅडोर कुत्र्यांच्या डीएनएवरून वेगळं सूत्र मांडलं. त्यानुसार पाच वर्षांचा लॅब्रॅडोर साधारण ५७ वर्षांच्या माणसासारखा, आणि दहा वर्षांचा ६८ वर्षांच्या. म्हणजे कुत्रं आधी झपाट्याने मोठं होतं, मग वेग कमी होतो. गावठी कुत्र्यांना हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. शिवाय रस्त्यावरून आलेल्याची जन्मतारीख कोणाला माहीत असते? दातांवरून अंदाज तेवढा येतो. सोपा नियम म्हणजे सात-आठ वर्षांचा वाटला की वर्षातून दोनदा तपासणी.

लॉग ठेवा

मी सॉफ्टवेअरवाला. सर्व्हर बिघडला की आम्ही आधी लॉग बघतो. कुत्र्याचंही तसंच करा. फोनमधल्या नोट्समध्ये चार गोष्टी लिहा.

पाणी: सकाळी मापून भरा, दुसऱ्या दिवशी किती उरलं ते बघा. किलोमागे १०० मिलीपेक्षा जास्त, म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याने रोज दीड लिटरच्या वर पाणी प्यायलं, तर डॉक्टरांना सांगा. मूत्रपिंडाचा आजार असू शकतो, मधुमेह असू शकतो. नसबंदी न झालेल्या मादीत गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तसं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

श्वास: गाढ झोपेत असताना ३० सेकंद मोजा, दुप्पट करा. मिनिटाला ३० च्या वर सारखे येत असतील तर हृदय किंवा फुप्फुस तपासायला हवं.

वजन: तुम्ही त्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे. फरक लिहा. महिन्यातून एकदा पुरे.

चाल: महिन्यातून एकदा, त्याच जागी, बाजूने चालतानाचा व्हिडिओ काढा. हे सगळ्यात कामाचं. दवाखान्यात कुत्रा घाबरलेला असतो, लंगडणं लपवतो. डॉक्टर म्हणतात ‘ठीक आहे’, आणि घरी आल्यावर परत लंगडतो. व्हिडिओ असला की हा घोळ होत नाही.

घरात काय बदलायचं?

पहिला शत्रू म्हणजे गुळगुळीत टाइल्स. दुखणारे पाय घसरले की कुत्रा उठायलाच घाबरतो. आम्ही त्याच्या नेहमीच्या वाटेवर जुने योगा मॅट टाकले. गोणपाटही चालतं, पण खालून घसरत नाही ना ते बघा. नखं वेळेवर कापा, वाढलेल्या नखांनी पाऊल नीट टेकत नाही. झोपायला जाड गादी द्या, ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब. आपल्याकडच्या पावसात हे विसरू नका. डोळे अधू झाले असतील तर फर्निचर आणि पाण्याचं भांडं हलवू नका. उठताच येत नसेल तर दर काही तासांनी कूस बदला, नाहीतर जखमा होतात.

खाण्यात चहा-बिस्किटं आधी बंद. वाढलेलं वजन सांध्यांवरच येतं. खारवलेली सुकी मासळीही नको. कांदा, मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट तर अजिबात नाही.

आपल्या गोळ्या त्यांना नाहीत

दुखतंय म्हणून घरातली गोळी अर्धी करून देणारे खूप आहेत. कृपया नको. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. पॅरासिटामॉल यकृतावर आणि रक्तावर घाव घालतं. एका जिवाचं औषध दुसऱ्याचं विष असतं, हे तर गिधाडांनी दाखवून दिलंय. गुरांना डायक्लोफेनॅक द्यायचे, ती गुरं मेल्यावर गिधाडं खायची आणि मूत्रपिंड बंद पडून मरायची. म्हणून २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. कुत्र्यांसाठी वेगळी वेदनाशामकं आहेत, पण ती पशुवैद्यानेच वजन आणि रक्ततपासणी बघून द्यायची.

पावसाळ्याआधी

रोज कानाच्या मागे, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली गोचीड शोधा. मलूलपणा, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, नाकातून रक्त ही गोचीड तापाची लक्षणं असू शकतात. दुसरा धोका लेप्टोचा. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून तो कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही. दरवर्षी लस घ्या, रेबीजचीही, आणि पुराच्या पाण्यात नेऊ नका.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. तालुक्याच्या दवाखान्यात मुख्य काम गाई-म्हशींचं. एक्स-रे, सोनोग्राफीसाठी पुण्या-मुंबईला जावं लागू शकतं, आणि वरंधा घाट पावसाळ्यात बंद असू शकतो. त्यामुळे मोठी तपासणी मे महिन्यातच उरकून घ्या.

रात्री जागतो, भिंतीकडे बघत बसतो?

माणसासारखा विसरभोळेपणा कुत्र्यांनाही येतो. दिवसा झोप आणि रात्री येरझाऱ्या, ओळखीच्या घरात हरवल्यासारखं होणं, घरातच लघवी. एका अमेरिकन अभ्यासात ११-१२ वर्षांच्या २८ टक्के कुत्र्यांत, तर १५-१६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत असं किमान एक लक्षण दिसलं होतं. ओरडू नका, तो मुद्दाम करत नाही. आधी दुखणं आणि लघवीचा आजार नाही ना ते बघा. मग ठरलेल्या वेळा, रात्री मंद दिवा, दिवसा हुंगत हुंगत छोटी फेरी. काही कुत्र्यांना औषधाचाही फायदा होतो.

आणि शेवट

हे बोलणं कठीण आहे, पण टाळून चालणार नाही. अॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी सात प्रश्न ठरवले आहेत. वेदना आटोक्यात आहे का? खातोय का? पाणी पोटात जातंय का? स्वच्छ राहतोय का? आनंद दिसतो का? हालचाल होते का? आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का? आम्ही शेवटच्या प्रश्नासाठी कॅलेंडरवर रोज टिंब देतो, चांगल्या दिवसाला हिरवं, वाईट दिवसाला लाल. कधीतरी लाल टिंबं वाढतील. तेव्हा डॉक्टरांशी बोलून त्याला शांतपणे जाऊ देणं हीसुद्धा काळजीच आहे.

सध्या मात्र सावीची टिंबं बहुतेक हिरवी आहेत. जिना अजून चढत नाही, पण आजी पायरीवर बसली की शेजारी येऊन बसते. दोघींचे गुडघे सारखेच.

आज रात्री तुमचा कुत्रा झोपला की ३० सेकंद श्वास मोजा, लिहून ठेवा. उद्या सकाळी चालीचा व्हिडिओ काढा. एवढं केलंत तरी पुरे. भेटूया पुढच्या भागात!