ध्वनिमुद्रित आवाजावरील संस्कार

माहितीपटाचे निवेदन असो वा एखादी सार्वजनिक सूचना असो, निवेदकाच्या कंठातून निघालेला आवाज जसाच्या तसा आपल्या कानी पडतो असे नाही. ध्वनिमुद्रणानंतर त्याच्यावर काही संस्कार करावे लागतात. पूर्वी त्यासाठी स्टुडिओत अवजड यंत्रे लागत. १९९६ साली स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने ‘व्हीएसटी’ नावाची पद्धत पुढे आणली आणि पुढे या यंत्रांची कामे साध्या संगणकावरही होऊ लागली. ध्वनिमुद्रणाच्या मूळ सॉफ्टवेअरला जोडावयाच्या या छोट्या साधनांनाच ‘प्लगइन’ म्हणतात.

या संस्कारांना क्रम आहे. प्रथम शुद्धी. सुमारे ८० हर्ट्झखालील घरघर फिल्टरने काढून टाकता येते. बोलण्याचा मूळ स्वर बहुधा त्याच्या वर असल्याने आवाजाला फारसा धक्का लागत नाही. त्यानंतर कॉम्प्रेसर. त्याचे प्रमाण तीनास एक ठेवले, तर ठरविलेल्या पातळीवर ३ डेसिबल चढलेला आवाज तो १ डेसिबलच चढू देतो. मग सगळाच आवाज उचलून घेतला, की हलके उच्चारलेले शब्दही स्पष्ट होतात. परंतु त्यांच्याबरोबर पंख्याची घरघरही वर येते! म्हणूनच शुद्धी आधी आणि समतोल नंतर.

येथवर भाषेचा प्रश्न येत नाही. पुढे मात्र येतो. ‘स’काराची शिट्टी दाबणारा डी-एसर बहुधा ५ ते ८ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात काम करतो. तो कठोरपणे लावला, तर ‘स’ आणि ‘श’ यांतील, किंवा ‘चमचा’ आणि ‘चिमटा’ यांतील दोन ‘च’कारांमधील भेद बोथट होतो. नॉइज गेटचा धोका याहूनही मोठा. ठराविक पातळीखालचा आवाज तो बंद करतो. मराठी वाक्याचे क्रियापद, आणि पुष्कळदा नकारही, शेवटी येतो. नेमका तेथेच निवेदकाचा स्वर उतरलेला असतो. ‘हे पाणी पिण्यास योग्य नाही’ या वाक्यातील शेवटचा शब्द गेटने गिळला, तर सूचनेचा अर्थच उलटतो.

यास्तव दोन पथ्ये पाळावीत. संस्कारापूर्वीचा आणि नंतरचा आवाज सारख्याच पातळीवर ठेवून ताडून पाहावा. कारण मोठा आवाज कानाला उगाचच अधिक चांगला भासतो. दुसरे असे, की संहिता हाती घेऊन प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत ऐकावे.

रिकाम्या खोलीचा घुमारा शब्दांत एकदा मिसळला, की तो पुरता निवडून काढणे कठीण. त्यापेक्षा जाड पडदे लावून, मायक्रोफोनपासून वीतभर अंतरावर बसून बोलणे सोपे. प्लगइन आवाजावरची धूळ झटकील. शब्दांतील आशय आणि आस्था मात्र निवेदकानेच आणावयाची असते.