विळाकृती रक्तकोशिका आणि रक्ताचा प्रवाह

१९५८ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात शुक्ला आणि सोळंकी या दोघा संशोधकांचे एक लहानसे टिपण प्रसिद्ध झाले. मध्य भारतातील लोकांच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या कोशिका आढळतात, हा त्या टिपणाचा विषय होता. नागपूर त्या वेळी द्विभाषिक मुंबई राज्यात नुकतेच सामील झाले होते. हा विकार भारतात आढळतो हे १९५२ साली लेमान आणि कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासींच्या रक्तपरीक्षेवरून दाखविले होते. परंतु तो विदर्भाच्या घराघरांत पोचलेला आहे याची जाणीव शास्त्रीय जगाला प्रथमतः नागपूरच्या या कामामुळे झाली. लोकांच्या तोंडी 'सिकल सेल' या नावाने रुळलेल्या या रोगाचा विचार बहुधा रसायनशास्त्राच्या किंवा आनुवंशिकतेच्या अंगाने केला जातो. परंतु रोग्याला ज्या वेदना भोगाव्या लागतात त्या प्रवाहाच्या अडथळ्यातून उत्पन्न होतात, आणि म्हणूनच हा विषय वैद्याइतकाच अभियंत्याचाही आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या अंगाचे विवेचन करावयाचे आहे.

एका अम्लाची अदलाबदल

रोगाचे मूळ थोडक्यात असे आहे. १९१० साली शिकागो येथे हेरिक यांनी पांडुरोगाने पीडित अशा एका तरुणाच्या रक्तात लांबट, वाकलेल्या कोशिका पाहिल्या व त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली पॉलिंग आणि त्यांचे सहकारी यांनी असे सिद्ध केले की, या रोग्यांचे रक्तारुण, म्हणजे हीमोग्लोबिन, विद्युत्क्षेत्रात निरोगी माणसाच्या रक्तारुणाहून वेगळ्या गतीने सरकते. त्यानंतर १९५७ साली इंग्रॅम यांनी हा भेद नेमका कोठे आहे हे शोधून काढले. रक्तारुणाच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन आलेले असते. बाकी साखळी जशीच्या तशी असते.

एवढ्या लहानशा फरकाचा परिणाम मात्र मोठा होतो. रक्तारुणाने ऑक्सिजन सोडला की हे सदोष रेणू एकमेकांस चिकटून लांब तंतू तयार करतात. असा प्रत्येक तंतू चौदा सरांचा, पीळ दिलेल्या दोरासारखा असतो. तंतूंच्या जुड्या कोशिकेच्या आवरणाला आतून रेटतात आणि वाटोळी, लवचिक कोशिका ताठर व विळ्यासारखी बनते. ऑक्सिजन पुन्हा मिळाला की तंतू विरघळतात व कोशिका पूर्ववत होते; पण ही क्रिया वारंवार घडली की आवरणास कायमची इजा पोचते. निरोगी तांबडी कोशिका सुमारे १२० दिवस जगते, तर विळाकृती कोशिका दहा ते वीस दिवसांतच नष्ट होते. रोग्याच्या पांडुरतेचे कारण हेच होय.

प्रवाहाचे गणित

निरोगी रक्त हा मुळातच चमत्कारिक द्रव आहे. पाणी किंवा तेल यांची श्यानता एका तापमानास ठरलेली असते. रक्ताचे तसे नाही. ते संथ वाहते तेव्हा त्यातील कोशिका एकमेकींस चिकटून चळती करतात व रक्त दाट भासते. ते वेगाने वाहू लागले की चळती मोडतात, कोशिका प्रवाहाच्या दिशेने ताणल्या जातात आणि तेच रक्त पातळ भासते. मोठ्या रोहिणीत रक्ताची श्यानता पाण्याच्या तिप्पट ते चौपट असते. फारेयूस आणि लिंडक्विस्ट यांनी १९३१ साली आणखी एक गोष्ट दाखविली. नळी ०.३ मिलिमीटरहून बारीक झाली की रक्ताची भासमान श्यानता कमी होत जाते, कारण कोशिका नळीच्या मध्याकडे सरकतात आणि भिंतीलगत नुसत्या रक्तद्रवाचा निसरडा थर राहतो.

या सर्व सोयी एकाच गुणावर अवलंबून आहेत, तो म्हणजे कोशिकेची लवचिकता. तांबड्या कोशिकेचा व्यास सुमारे ८ मायक्रॉन असतो, आणि कित्येक केशवाहिन्यांचा व्यास त्याहून कमी, ५ ते ६ मायक्रॉन असतो. घडी घातलेले पागोटे अरुंद पेटीत बसावे तशी निरोगी कोशिका आपला आकार बदलून त्यातून पार होते. ताठर कोशिकेला हे जमत नाही.

नळीतील प्रवाहाविषयी प्वाझय या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जो नियम शोधला तो येथे ध्यानात घ्यावयास हवा. दाब तोच राहिला तर प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा होत नाही, तो सोळाव्या हिश्श्यावर येतो. त्रिज्येत केवळ पाचव्या हिश्श्याची घट झाली तरी प्रवाह चाळीस टक्क्यांच्या जवळपास उतरतो. वाहिनीच्या भिंतीस काही कोशिका चिकटून बसल्या तर केवढा अनर्थ होतो, याची यावरून कल्पना येईल.

वेळेची शर्यत

तथापि एक प्रश्न उरतो. शरीरातील प्रत्येक केशवाहिनीत रक्त ऑक्सिजन सोडीतच असते. मग रोग्याचे सर्व रक्त एकाच क्षणी का गोठल्यासारखे होत नाही? या प्रश्नाचे उत्तर १९७४ साली हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांच्या प्रयोगांतून मिळाले. ऑक्सिजन सुटताच तंतू बनत नाहीत. त्यापूर्वी काही काळ काहीच घडत नाही, आणि मग एकाएकी तंतूंची झुंबड उडते. हा विलंबकाळ रक्तारुणाच्या संहतीवर विलक्षण अवलंबून असतो, सुमारे तिसाव्या घातावर. संहती केवळ पाच टक्क्यांनी वाढली तर विलंबकाळ जवळजवळ एक चतुर्थांश होतो.

केशवाहिनी ओलांडण्यास कोशिकेला सुमारे एक सेकंद लागतो. विलंबकाळ याहून मोठा असेल तर कोशिका मऊ असतानाच रुंद नीलेत जाऊन पोचते आणि पुढे फुप्फुसात तिला ऑक्सिजन मिळतो. विलंबकाळ लहान असेल, किंवा कोशिका वाटेत रेंगाळली, तर ती अरुंद जागीच ताठरते. रेंगाळण्याचे कारणही पुढे सापडले. हेबेल यांनी १९८० साली विळाकृती रोग्यांच्या कोशिका वाहिनीच्या अंतःस्तरास अधिक चिकटतात, आणि हा चिकटपणा रोगाच्या तीव्रतेशी मिळताजुळता असतो, असे दाखविले. कौल आणि त्यांचे सहकारी यांनी १९८९ साली ही चिकटण्याची क्रिया केशवाहिन्यांच्या लगेच पुढील बारीक नीलांमध्ये होते असे पाहिले. दाराशी दोघे तिघे अडले की मागची सारी गर्दी तुंबते, तसाच हा प्रकार होय. तुंबलेल्या भागास रक्त मिळेनासे होते आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा उठतात.

विलंबकाळाचा हा सिद्धांत नागपूरच्या उन्हाळ्यात केवळ पुस्तकी राहत नाही. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांच्या वर चढतो. घामावाटे पाणी गेले की कोशिकेतूनही पाणी बाहेर पडते, आतील रक्तारुणाची संहती वाढते व विलंबकाळ झपाट्याने आखडतो. त्यात या रोग्यांची मूत्रपिंडे लघवी दाट करून पाणी राखू शकत नाहीत. निरोगी मुलास जी तहान केवळ त्रासदायक, ती या मुलास धोक्याची ठरते. भरपूर पाणी पीत राहावे, हा वैद्याचा साधा वाटणारा सल्ला तिसाव्या घाताच्या गणितावर उभा आहे.

रक्त देण्यातील पेच

पांडुरोग आहे तर रक्त द्यावे, हे सामान्यतः योग्य वाटते. परंतु प्रवाहाच्या दृष्टीने येथे एक पेच आहे. ऊतकांना मिळणारा ऑक्सिजन दोन गोष्टींवर अवलंबून असतो. रक्तात कोशिका किती आहेत, आणि ते रक्त किती वेगाने वाहते. कोशिका वाढविल्या की पहिली गोष्ट सुधारते, पण श्यानता वाढल्यामुळे दुसरी बिघडते. निरोगी रक्तात हा तोल कोशिकांचे प्रमाण ४० ते ४५ टक्के असताना उत्तम साधतो. ज्यात विळाकृती कोशिका आहेत अशा रक्तात मात्र श्यानता फार लवकर चढते. म्हणून रक्त देताना रक्तारुण दर शंभर मिलिलिटरमागे १० ग्रॅमच्या फार वर नेऊ नये असा दंडक आहे. अधिक सुधारणा हवी असेल तर रोग्याचे रक्त काढून घेऊन त्याऐवजी निरोगी रक्त घालावे लागते. विनिमयाने कोशिकांची संख्या न वाढविता सदोष कोशिकांचे प्रमाण घटविता येते.

मोठ्या रोहिण्या आणि मेंदूचा झटका

रोगाचा उपद्रव बारीक वाहिन्यांपुरताच नाही. काही मुलांत मेंदूला रक्त पुरविणाऱ्या मोठ्या रोहिण्यांचा अंतःस्तर जाड होत जातो आणि अखेर अर्धांगाचा झटका येतो. तो येण्यापूर्वी कसा ओळखावा? येथे अभियांत्रिकीचे एक साधन कामी आले. १९८२ साली आस्लिड यांनी कवटीच्या पातळ हाडातून ध्वनितरंग पाठवून मेंदूच्या रोहिणीतील रक्ताचा वेग मोजण्याची रीत दाखविली. धावत्या आगगाडीच्या शिट्टीचा स्वर जवळ येताना उंच व दूर जाताना खालचा ऐकू येतो. त्याच डॉप्लर तत्त्वावर ही मोजणी होते. नळी अरुंद झाली व वाहणारे रक्त तितकेच राहिले तर वेग वाढलाच पाहिजे. १९९८ साली ॲडम्स आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत केलेल्या चाचणीत, वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर वा अधिक असलेल्या मुलांना नियमित रक्त दिल्यास झटक्याचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटते, असे आढळले. मात्र नुसत्या वेगावरून नळीची रुंदी सांगता येत नाही; पांडुरोगामुळे रक्त पातळ होऊन ते अधिक वाहते, आणि त्यानेही वेग वाढतो. यासाठी वेगाचा आकडा वाचताना रक्तारुणाचाही आकडा जवळ ठेवावा लागतो.

रोहिणी फारच अरुंद झाली तर शस्त्रवैद्य टाळूच्या त्वचेतील रोहिणी मेंदूच्या रोहिणीशी जोडतात किंवा मेंदूच्या पृष्ठावर पसरून ठेवतात. येथे रोग्याची स्वतःचीच रोहिणी वापरण्याचे कारण असे की, डॅक्रॉन किंवा टेफ्लॉनच्या कृत्रिम नळ्या जाड रोहिण्यांच्या जागी चांगल्या चालत असल्या तरी ६ मिलिमीटरहून बारीक नळ्या लवकर गुठळीने बंद पडतात. शिवाय कृत्रिम नळी व रोहिणी यांच्या सांध्यापाशी प्रवाह भोवऱ्यात सापडतो, भिंतीवरील घर्षण विषम होते, आणि तेथील अंतःस्तर जाड होऊ लागतो. विळाकृती रोग्याच्या रोहिणीतील दोष आणि कृत्रिम नळीच्या सांध्यातील दोष यांत हे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. दोहोंकडे भिंत आणि प्रवाह एकमेकांस बिघडवितात.

प्रयोगशाळा आणि विदर्भ

२००७ साली हिगिन्स आणि त्यांचे सहकारी यांनी सिलिकोन रबरात केसाहून बारीक वाटा कोरून त्यातून रोग्याचे रक्त वाहविले आणि भोवतालचा ऑक्सिजन कमी करताच प्रवाह कसा व केव्हा थांबतो हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. औषध दिल्यावर तेच रक्त किती काळ वाहते, याची मोजणी अशा रीतीने करता येते.

औषधांत हायड्रॉक्सियुरिया प्रमुख आहे. त्याने गर्भावस्थेतील रक्तारुण वाढते व ते तंतूंच्या बांधणीत विघ्न आणते. शिवाय कोशिका आकाराने मोठी झाल्यामुळे सदोष रक्तारुणाची संहती उतरते. म्हणजे दोन्ही मार्गांनी विलंबकाळ लांबतो. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील दीप्ती जैन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वजनाच्या दर किलोग्रॅममागे रोज १० मिलिग्रॅम इतकी अल्प, ठरीव मात्राही तीव्र रोग असलेल्या मुलांस गुणकारी ठरते, असे दाखविले. अल्प मात्रेत खर्च कमी व वारंवार रक्ततपासणीची गरजही कमी, हे विदर्भातील खेड्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. भारतीय रोग्यांत गर्भरक्तारुण मुळातच अधिक असते, म्हणून येथील रोग सौम्य आहे, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. नागपूरच्या रुग्णालयांतील अनुभवाने तो सरसकट खरा नाही हे दाखवून दिले.

या रोगाविषयी जनजागृती करणारे नागपूरचे संपत रामटेके यांना २०१८ साली पद्मश्री देण्यात आली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत रोगाचे उच्चाटन करणे हे तिचे उद्दिष्ट आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. विवाहापूर्वीच्या तपासणीचे महत्त्व यात आहे.

तपासणीने उद्याचे मूल वाचेल. परंतु आज जे मूल कळांनी तळमळत आहे त्याच्यासाठी प्रवाह मोकळा राखणे हाच उपाय उरतो. त्या प्रवाहाचे सारे गणित एका सेकंदाच्या आसपास घुटमळते. पाणी, औषध, रक्ताचा विनिमय किंवा रोहिणीची जोडणी, यांपैकी प्रत्येक उपाय अखेर त्या सेकंदात थोडी भर घालण्याचा किंवा अडलेल्या वाटेस दुसरी वाट देण्याचाच प्रयत्न आहे. ही भर किती पडली हे अचूक मोजणारे, स्वस्त आणि गडचिरोलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही चालेल असे साधन घडविणे, हे विदर्भातील अभियांत्रिकी विभागांपुढील कर्तव्य होय.