विश्लेषण : फेरमतमोजणीवर विश्वास कधी बसतो? अमेरिकेतील दोन राज्यांचा अनुभव काय?

अमेरिकेत आपल्यासारखा देशभरातील निवडणुका घेणारा आयोग नाही. अध्यक्षपदाचे मतदानही राज्ये आणि त्यांच्या कौंटी, म्हणजे जिल्हे, घेतात. बहुतेक राज्यांत या यंत्रणेचा प्रमुख ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ असतो आणि बऱ्याच ठिकाणी तो पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो. निकाल अटीतटीचा लागला की हीच बाब वादाची ठरते.

फ्लोरिडात काय बिघडले?
२००० मध्ये सुमारे ६० लाख मतांत जॉर्ज बुश यांना अवघ्या ५३७ मतांची आघाडी मिळाली. छिद्र पाडायच्या काही मतपत्रिकांवर कागदाचा तुकडा अर्धवट लटकत राहिला होता. असे मत धरायचे का, याचा निकष कौंटीगणिक वेगळा होता. त्यातच निकाल प्रमाणित करणाऱ्या कॅथरीन हॅरिस या बुश यांच्या राज्यातील प्रचाराच्या सहअध्यक्ष होत्या. १२ डिसेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ५ विरुद्ध ४ अशा निर्णयाने फेरमोजणी संपली. त्या निकालाच्या वैधतेवर आजही वाद झडतात.

मिनेसोटात वेगळे काय होते?
२००८ च्या सिनेट निवडणुकीत सुमारे २९ लाख मतांत रिपब्लिकन नॉर्म कोलमन २१५ मतांनी पुढे होते. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी असल्याने राज्याच्या कायद्यानुसार हाताने फेरमोजणी झाली. इथेही सेक्रेटरी ऑफ स्टेट डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. मात्र वादग्रस्त मतांचा निर्णय त्यांच्या एकट्याच्या हाती नव्हता. पाच जणांच्या मंडळात चार न्यायाधीश होते. एकेक वादग्रस्त मतपत्रिका सर्वांसमक्ष तपासली गेली. निकाल फिरला आणि डेमोक्रॅट अल फ्रँकन २२५ मतांनी पुढे गेले. न्यायालयीन लढाईनंतर हा फरक ३१२ झाला. ३० जून २००९ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने फ्रँकन यांच्या बाजूने कौल दिला. त्याच दिवशी कोलमन यांनी पराभव मान्य केला.

याची किंमत काय?
वेळ. सुमारे सहा महिने मिनेसोटाचा एकच सिनेटर कामकाजात होता.

मग विश्वास कशावर ठरतो?
चूक प्रत्येक मोजणीत होऊ शकते. पण निकष आधीच ठरलेला आणि प्रत्येक टेबलावर सारखा असेल, निर्णय एकाच पक्षाच्या हाती नसेल आणि मतपत्रिका दोन्ही बाजूंना पाहता येत असेल, तर हरलेल्या बाजूलाही निकाल नाकारणे कठीण जाते.