वर्गणीपुरते पालक

राज्यात इतरत्र शाळांची घंटा जूनच्या मध्यावर वाजते. विदर्भात मात्र उन्हाचा ताव ओसरण्याची वाट पाहावी लागते आणि नागपूरची मुले त्यानंतर काही दिवसांनी शाळेची पायरी चढतात. पहिल्या दिवशी मुलांचे स्वागत होते, पुस्तके वाटली जातात, पालकांनाही अगत्याने बोलावले जाते. हा सोहळा आटोपला की महापालिकेच्या वा जिल्हा परिषदेच्या शाळेत पालक दिसतो तो बहुधा तीनच कारणांसाठी : एखाद्या कागदावर स्वाक्षरी वा अंगठा देण्यासाठी, एखादी वर्गणी भरण्यासाठी किंवा आपल्या मुलाविषयीची तक्रार ऐकून घेण्यासाठी. शाळा ही आपली आहे, तिच्या कारभाराविषयी विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे, ही भावना त्याच्या ठायी क्वचितच आढळते.

वस्तुतः कायद्याने त्याला हा अधिकार केव्हाच दिला आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे, तिचे तीनचतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व द्यावे, हेही त्यातच आहे. शाळेच्या कामकाजावर देखरेख करणे, विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाचा विनियोग कसा होतो हे पाहणे, ही या समितीची कामे होत. म्हणजे धुणीभांडी करणारी माता आणि सायकलरिक्षा ओढणारा पिता यांना शाळेचा हिशेब मागण्याचा अधिकार मिळाला. लोकशाहीच्या इतिहासात ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु कायद्याने दिलेले आसन आणि प्रत्यक्षात मिळणारे स्थान यांत अंतर राहते. समितीची बैठक शाळेच्या वेळात, म्हणजे भर दुपारी भरली, तर ठिय्यावर कामाची वाट पाहणाऱ्या मजुराने तेथे यावे कसे? त्या दिवसाची रोजी बुडवून आलेला मनुष्य चहाच्या कपापुरता आणि स्वाक्षरीपुरताच बैठकीत असेल, तर पुढच्या खेपेस तो येणार नाही; आणि मग ‘पालकांनाच आस्था नाही’ असा निष्कर्ष काढणे सोपे जाते. आस्थेचा अभाव आणि सवडीचा अभाव या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत करणे हा गरिबांवरील जुनाच अन्याय आहे.

अशिक्षित पालकाला शाळेतले काय कळणार, हा आक्षेपही असाच जुना आहे. त्याचे उत्तर नागपूरच्याच इतिहासात सापडते. १८९२ साली जन्मलेल्या जाईबाई चौधरी या नागपूर-कामठी परिसरात डोक्यावर ओझी वाहणाऱ्या हमाल स्त्री होत्या. एका ख्रिस्ती मिशनरी भगिनीच्या साहाय्याने त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. पण अस्पृश्य बाई मुलांना शिकवते अशी ओरड झाली आणि ती नोकरी गेली. पुढे १९२२ साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. त्यानंतर वीस वर्षांनी, जुलै १९४२ मध्ये, याच नगरात दलित वर्गाच्या महिला परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या हजारो स्त्रियांना मुलांना शिकवण्याचा आणि त्यांच्या मनात महत्त्वाकांक्षा जागवण्याचा उपदेश केला. त्या स्त्रियांपैकी किती जणींना अक्षरओळख होती, हा प्रश्न त्यांनी त्यासाठी आडवा येऊ दिला नाही.

महाराष्ट्राला लोकसहभाग नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांना घराघरांतून मूठमूठ धान्य मिळत असे. मात्र ती मूठ देणाऱ्याला ते वसतिगृह आपले वाटत होते, हे विसरता कामा नये. अलीकडे लोकसहभाग हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर येते ती लोकवर्गणी : रंगवलेल्या भिंती, संगणक, पाण्याची टाकी. अशा देणग्यांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या गोष्टी पुरवणे हे शासनाचे आणि महापालिकेचे कर्तव्य आहे, त्यांचा भार कष्टकऱ्यांच्या खिशावर अलगद ढकलला जाऊ लागला, तर तो सहभाग राहत नाही, ती एक प्रकारची पट्टीच ठरते. ‘गाव करी ते राव काय करी’ ही म्हण गावाच्या सामर्थ्याचा गौरव करते. रावाला कर्तव्यातून मोकळे करीत नाही.

पालकांची खरी गरज कोठे असते, याचे एक दारुण उदाहरण बिहारातले आहे. जुलै २०१३ मध्ये सारण जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत कीटकनाशक मिसळलेले भोजन खाऊन २३ बालके दगावली. पुढे २०१५ च्या नियमांनी मध्यान्ह भोजनावर देखरेख करण्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीकडेही सोपविले. तांदूळ निवडावा कसा आणि तेलाला वास कसला येतो, हे जाणण्यास पदवी लागत नाही. जी माता हे रोज घरी पाहते, तीच शाळेच्या स्वयंपाकघराची सर्वांत जाणती परीक्षक होय.

शिक्षकांची बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. माहितीचे तक्ते भरता भरता मुख्याध्यापकाचा दिवस सरतो. त्यात आणखी एक समिती म्हणजे आणखी एक नोंदवही, असे त्याला वाटले तर नवल नाही. परंतु वस्तीतले पालक पाठीशी उभे असले, तर गळक्या छपरासाठी वा रिक्त जागेवरील शिक्षकासाठी झगडताना तोच मुख्याध्यापक एकाकी राहत नाही.

उपाय खर्चिक नाहीत. बैठक सायंकाळी किंवा रविवारी घ्यावी. अनुदान किती आले आणि कशावर खर्च झाले, हे मराठी, हिंदी वा उर्दू, जे त्या शाळेचे माध्यम असेल त्या भाषेत, दर्शनी फलकावर लिहावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते वाचून दाखवावे. ठराव आधी लिहून नंतर स्वाक्षऱ्या घेण्याची प्रथा बंद करावी. खासगी शाळेतील पालक शुल्क भरतो म्हणून प्रश्न विचारतो आणि त्याला उत्तर मिळते. महापालिकेच्या शाळेतील पालकाने विचारलेल्या प्रश्नालाही तेच मोल मिळाले पाहिजे.

सुस्थितीतील घरांनी पालिकेच्या शाळांकडे पाठ फिरवली आहे. पटसंख्या घटल्यामुळे नागपुरातील अनेक शाळांना कुलपे लागली. अशा वेळी ज्यांची मुले आजही तेथे शिकतात, त्यांच्यावाचून या शाळांना दुसरा रखवालदार उरलेला नाही. त्यांना केवळ वर्गणीपुरते बोलावणे म्हणजे हा रखवालदारही गमावणे होय.