कासवांची राखण आणि राखणदाराचा रोज

मध्य अमेरिकेत कोस्टारिका नावाचा लहानसा देश आहे. तेथील किनाऱ्यांवर समुद्रकासवांची घरटी राखण्यास परदेशांतून तरुण येतात, रात्रभर गस्त घालतात आणि राहण्याजेवण्याचे पैसेही पदरचे भरतात. काम करून वर पैसे भरावयाचे, हे ऐकून आमच्या साखर कारखान्यातला कामगार हसेल!

पण आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास पाहा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली तेथे कासवांच्या रक्षणाचे काम आरंभिले. मादी वाळूत सुमारे शंभर अंडी पुरून समुद्रात परतते, ती पुन्हा त्यांकडे फिरकत नाही. पूर्वी ती अंडी माणसे नि कोल्हीकुत्री उकरून नेत. आता गस्तवाले ती उचलून कुंपणातल्या वाळूत तितक्याच खोल पुरतात. पन्नासएक दिवसांनी पिले निघतात. ती पाहावयास आलेले पाहुणे गावकऱ्यांच्या घरी पैसे देऊन उतरतात. म्हणजे गावाच्या चुलीपर्यंत काही पोचते, आणि मला तेच मोलाचे वाटते.

आपल्याकडे सुप्याजवळ चिंकाऱ्यांचे मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ सालचे. उन्हाळ्यात पाणवठ्यांच्या कामाला हौसेने अवश्य जावे. मात्र रोजंदारीवरच्या वनमजुराचे काम फुकट करून त्याचा रोज बुडवू नये. हात कोठे कमी पडतो, हे आधी त्यालाच विचारावे.