स्पर्धेआधीची धडधड: खेळाडू मुलांची आणि पालकांची मानसिक तयारी

स्पर्धेच्या आदल्या रात्री मुलीला झोप लागत नाही. सकाळी पोट दुखतं, दोन-तीनदा शौचाला जावं लागतं, ताटलीतले पोहे तसेच राहतात. मैदानावर पोहोचेपर्यंत हात गार पडलेले असतात. अशा वेळी पालक एक तर "काही होत नाही, घाबरू नको" म्हणून विषय संपवतात, नाहीतर धडधड थांबवणारी एखादी गोळी आहे का, असं डॉक्टरांना विचारतात. त्याआधी एवढं लक्षात घ्या: ही धडधड बहुतेक वेळा आजार नसते आणि ती पूर्णपणे घालवायचीही नसते. ती असतानाच खेळायला शिकायचं असतं.

शरीरात काय घडतं?

समोर आव्हान दिसलं की मेंदू शरीराला तयारीला लावतो. अॅड्रिनल ग्रंथींमधून अॅड्रेनॅलिन रक्तात येतं. हृदयाचे ठोके आणि श्वास वाढतात, स्नायूंकडे जास्त रक्त जातं, पचन मंदावतं. म्हणून तोंड कोरडं पडतं, पोटात गोळा येतो, तळहातांना घाम येतो. थोडी उत्तेजना खेळाला मदतच करते. ती फार वाढली तर स्नायू आखडतात आणि लक्ष विखुरतं.

त्यामुळे मुलांना "शांत हो" म्हणून फारसा उपयोग होत नाही. त्याऐवजी सांगा, "तुझं शरीर तयार होतंय." धडधडीचा अर्थ बदलला की भीतीची धारही कमी होते.

खेळाडूंसाठी: एका वेळी एकच बाण

नागपूरच्या ओजस देवतळेने ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनला कंपाऊंड तिरंदाजीचं जागतिक विजेतेपद मिळवलं. अंतिम सामन्यात त्याने 150 पैकी 150 गुण घेतले आणि प्रतिस्पर्ध्याला 149 मिळाले. या प्रकारात 50 मीटरवरच्या लक्ष्यावर 15 बाण सोडायचे असतात आणि प्रत्येक बाणासाठी फक्त 20 सेकंद असतात. एवढ्या वेळात विजेतेपदाचा विचार करत बसलं, तर हातातल्या बाणाकडे दुर्लक्ष होणारच.

हे बॅडमिंटन, बुद्धिबळ, जलतरण, धावणं अशा कुठल्याही खेळाला लागू पडतं. "जिंकायचंय" हे लक्ष्य तुमच्या एकट्याच्या हातात नसतं. "सर्व्हिसआधी एक श्वास घेईन", "पहिल्या वळणापर्यंत लय सांभाळीन" हे मात्र तुमच्या हातात असतं. रोजच्या सरावात या चार गोष्टी बसवा:

1. श्वास: नाकाने 4 सेकंद आत, 6 सेकंद सावकाश बाहेर, असं 5 मिनिटं. श्वास बाहेर सोडताना व्हेगस नर्व्हचं काम वाढतं आणि ठोके थोडे मंदावतात. पहिल्यांदा करून पाहायची जागा स्पर्धा नव्हे. आधी महिनाभर घरी करा.
2. ठरलेला क्रम: वॉर्म-अप, पाणी, श्वास, मग स्वतःशी बोलायचा एक छोटा शब्द. क्रम रोजचाच असला की अनोळखी मैदानही ओळखीचं वाटतं.
3. मनातला सराव: डोळे मिटून स्वतःला खेळताना बघा. चूक झाली तर पुढच्या क्षणी काय करायचं, तेही बघा.
4. झोप: 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप लागते. आदल्या रात्री झोप कमी झाली तरी घाबरू नका. आठवडाभराची झोप जास्त महत्त्वाची.

लांब पल्ल्याचे खेळाडू

ट्रायथलॉन करणाऱ्यांची अडचण वेगळी असते. ऑलिम्पिक अंतरात 1.5 किलोमीटर पोहणं, 40 किलोमीटर सायकल आणि 10 किलोमीटर धावणं असतं. इथे क्षणाच्या दडपणापेक्षा तासन्‌तास चालणाऱ्या कंटाळ्याशी आणि थकव्याशी झुंज असते. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे 4,800 किलोमीटरची सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली. एवढं अंतर एकदम डोळ्यांसमोर आणलं तर कोणाचंही मन खचेल. म्हणून पल्ल्याचे तुकडे करा: पुढचं पाणी, पुढचा चौक, पुढची दहा मिनिटं.

एक सावधगिरी मात्र बाळगा. नागपूरच्या उन्हाळ्यात चक्कर, मळमळ, गोंधळल्यासारखं बोलणं याला "मन कमकुवत आहे" म्हणू नका. तो उष्माघात असू शकतो. लगेच थांबवा, सावलीत न्या, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि ताबडतोब दवाखान्यात हलवा.

पालकांसाठी: घरी परततानाचा अर्धा तास

सामना हरल्यावर मूल गाडीवर मागे बसलेलं असतं आणि पुढून प्रश्न येतात: "तो शॉट का मारलास? एवढी फी भरतो आम्ही!" मुलाला यातून एकच कळतं, की हरलो तर आईबाबांना मी कमी आवडतो. पुढच्या स्पर्धेत त्याच्या मनावर प्रतिस्पर्ध्यासोबत हे ओझंही असतं.

त्या अर्ध्या तासात खेळाचं विश्लेषण करू नका. "तुला खेळताना बघायला छान वाटतं. भूक लागली का?" एवढं पुरे. तंत्रातल्या चुका प्रशिक्षक बघतील. मूल स्वतः बोललं तर ऐका. मैदानाबाहेरून सूचना ओरडू नका आणि नातेवाइकांसमोर दुसऱ्या मुलाशी तुलना टाळा. तुमचीही धडधड वाढते, हे मान्य करा आणि वरचा श्वास तुम्हीही घ्या.

गोळीचं काय?

ठोके कमी करणारी प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधं ओळखीच्या सल्ल्याने देऊ नका. दमा असलेल्यांना ती धोकादायक ठरू शकतात, धावण्या-पोहण्यात दम कमी पडतो आणि तिरंदाजी व नेमबाजीत त्यांच्यावर डोपिंगविरोधी नियमांनुसार बंदी आहे. एनर्जी ड्रिंकमधलं कॅफिन धडधड आणखी वाढवतं.

डॉक्टरांकडे कधी जावं?

खेळताना छातीत दुखणं, धावता धावता शुद्ध हरपणं, कारण नसताना ठोके अनियमित होणं किंवा कुटुंबात कमी वयात अचानक मृत्यू झालेला असणं, यांपैकी काहीही असेल तर ते "टेन्शन" समजू नका. खेळ थांबवून आधी हृदयाची तपासणी करून घ्या.

दोन-तीन आठवडे सतत उदासी, खाणं किंवा झोप बिघडणं, आवडत्या खेळाचा तिटकारा येणं, वजनाचा ध्यास लागणं ही लक्षणं दिसली तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. "जगून काय उपयोग" असं मूल एकदा जरी बोललं, तरी त्याच दिवशी मदत घ्या आणि त्याला एकटं सोडू नका. टेली मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं.

पदक मिळो न मिळो, दडपणातही हातातल्या कामाकडे लक्ष देण्याची सवय मुलाला परीक्षेत आणि पुढे नोकरीतही उपयोगी पडते. ती सवय आजच्या सरावापासून लावायला घ्या.